अडलेला काटा

राजूरच्या गणपतीची कथा मुळात एका शरीराला नाकारल्याची कथा आहे, हे आमच्या गावात सहसा कुणी बोलून दाखवत नाही. गणेशपुराणात ती आहे. वरेण्य राजाच्या राणीला, पुष्पिकेला, जाग आली तेव्हा कुशीत जे मूल दिसलं त्याचं तोंड हत्तीचं होतं, हात चार होते, अंगाचा रंग लालभडक होता. राणी घाबरली, राजा तिच्याहून घाबरला आणि त्यानं ते मूल रानात सोडून यायला सांगितलं. पराशर ऋषींना ते सापडलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं, वत्सलेनं, त्याला वाढवलं. पुढे त्याच गजाननानं सिंदुरासुराला मारलं आणि ओशाळलेल्या बापाला समोर बसवून जे सांगितलं ती गणेशगीता. हे सांगणं जिथे झालं ते राजसदन म्हणजेच आजचं राजूर, अशी इथली श्रद्धा. गणपतीच्या साडेतीन पीठांत म्हणूनच राजूरला पूर्ण पीठाचा मान.

गणेशगीतेत कर्म आहे, योग आहे, भक्ती आहे. अकरा अध्याय आहेत. माझं मन मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या, राजवाड्यातल्या त्या घटकेपाशी घुटमळतं. त्या मुलानं अजून काहीच केलेलं नव्हतं. रडलंसुद्धा असेल की नाही कोण जाणे. घरच्यांच्या मनात होता तसा त्याचा देह नव्हता, एवढंच. आणि या देवाच्या टेकडीच्या पायथ्याशी राहणारी मी, भल्या सकाळी उपाशीपोटी काट्यावर उभी राहते आणि खालचा आकडा बघून वरेण्यासारखं तोंड करते.

काटा काचेचा, चौकोनी. दिवाणाखाली असतो. एका कोपऱ्याला हळदीचा डाग आहे, कारण सासूबाईंनी त्यावर एकदा हळकुंडाची पिशवी तोलून पाहिली होती. दुकानदार मापात मारतो असा त्यांना संशय होता. आमच्या घरात त्या काट्याचा निर्विवाद उपयोग झाला तो तेवढाच. बाकी तो माझा. गुडघा कुरकुरायला लागला, शाळेचा जिना चढताना कठड्याला धरावं लागायला लागलं, तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिता लिहिता मान वर न करता सांगितलं, ‘वजन उतरवा.’ जणू ते माळ्यावर ठेवलेलं आहे आणि स्टूल घेतलं की उतरेल.

सुरुवातीला ते खरंच उतरलं. भात बंद, चहातली साखर निम्मी, संध्याकाळचं फरसाण बंद, आणि पहाटे भोकरदनच्या रस्त्यानं चालणं. पहिल्या काही दिवसांत आकडा असा भराभर खाली आला की मी स्वतःला फार शहाणी समजू लागले. शेजारणींना सल्ले द्यायला लागले. हा सल्ल्यांचा काळ प्रत्येकाच्या आयुष्यात येतो आणि तो फार थोडा टिकतो.

त्या पहिल्या भराभर उतरण्यात मोठा वाटा पाण्याचा असतो, हे मला नंतर वाचून कळलं. आपलं यकृत आणि स्नायू थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतात, आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. खाणं कमी झालं की शरीर आधी हा साठा वापरतं. साखर जाते, पाणीही जातं, काटा झपकन खाली येतो आणि माणूस हुरळतो. चरबीला अजून फारसा धक्काही लागलेला नसतो. ती सावकाश जाते. जायला लागते तेव्हा काट्यावर धड दिसतही नाही.

मग काटा अडला. आधी वाटलं सेल संपलेत. सेल बदलले. मग वाटलं फरशी तिरकी आहे. काटा स्वयंपाकघरात नेला, देवघरासमोर नेला. सगळीकडे तोच आकडा. खाणं तेच, चालणं तेच, भूक उलट जास्त, आणि काटा अडलेल्या म्हशीसारखा जागचा हलायला तयार नाही. त्या काळात मी जेवढी चिडचिडी होते तेवढी बोर्डाच्या परीक्षेत मुलगा होता तेव्हाही नव्हते. वर्गात पोरांना ‘प्रयत्नांती परमेश्वर’ शिकवताना खडू हातात मोडायचा.

अशा वेळी गाव मदतीला धावून येतं. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या बायका-पुरुषांची विभागणी दोन पंथांत झाली आहे. ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत मी कितीतरी वेळा ऐकला आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे आपल्याच भागातले, लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर त्यांनी आपली पद्धत उभी केली: कडकडून भूक लागते अशा दोन वेळा शोधायच्या, त्या दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांच्या आत उरकायचं, मधे काही नाही, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर. आजीच्या हातचं खा, तूप खा, थोडं थोडं खा, आपल्या मातीतलं खा. आमच्या स्टाफरूममध्ये दोन्हीकडचे कट्टर आहेत. एक बाई डब्याच्या वेळी घड्याळ लावून बसतात, दुसऱ्या बाई त्यांच्यासमोर तुपाचा डबा उघडतात. मी मधल्या खुर्चीवर. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे वजन उतरलेले लोक पाहिलेत आणि दोन्हीकडे काटा अडलेलेही पाहिलेत. अडल्यावर मात्र दोघांचा चेहरा सारखाच होतो, आणि दोघांनाही त्यांचे पंथबंधू एकच गोष्ट सांगतात: तुम्ही नक्की कुठेतरी चोरून खाताय.

याचा मला फार राग येतो. चोरून खाणाऱ्यांचा नाही, या आरोपाचा. कारण अडलेल्या काट्यामागे शरीराचा स्वतःचा एक हिशेब असतो आणि तो गेल्या शतकातच मांडून झालेला आहे. दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी छत्तीस तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धाला नैतिक कारणानं नकार दिलेले हे तरुण स्वखुशीनं आले होते. युरोपात उपाशी पडलेल्या माणसांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे त्यातून शिकायचं होतं. आठवड्याला बावीस मैल चालायचं आणि मोजकं खायचं. त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्श्यानं घटलं. पण गंमत त्यापुढची आहे. शरीर आक्रसत गेलं तसं त्यानं आपला खर्चही आखडता घेतला. पडल्यापडल्या जी ऊर्जा जळते ती पुष्कळ खाली आली. माणसं हळू हलू लागली, थंडीनं कुडकुडू लागली, पायांवर सूज येऊन पाणी धरू लागलं. आणि ज्यांनी आयुष्यात कधी पोळी लाटली नव्हती असे पुरुष पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. हे वाचलं तेव्हा मी थबकले. काटा अडलेल्या त्याच दिवसांत रात्री झोपायच्या आधी मी मोबाइलवर दुसऱ्यांच्या पुरणपोळ्या फुगताना बघत होते. म्हणजे हे माझं एकटीचं थेर नव्हतं.

कीज यांची ती माणसं टोकाला नेलेली होती. आपण भात सोडतो तेवढ्यानं कुणाचे असे हाल होत नाहीत. पण दिशा तीच. अंग हलकं झालं की ते वागवायला खर्च कमी लागतो. शिवाय चरबीच्या पेशींतून मेंदूला एक निरोप जात असतो, लेप्टिन नावाचा. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला. चरबी घटली की निरोप क्षीण होतो आणि मेंदू समजतो की घरातलं धान्य संपत चाललंय. मग भूक वाढवा, हालचाल कमी करा, दिवे मालवा. अर्ध्या भाकरीनं आपण जी तूट पाडलेली असते ती शरीर दुसऱ्या टोकाकडून गुपचूप भरून काढतं. जमा आणि खर्च जिथे बरोबर येतात तिथे काटा थांबतो.

हे सगळं आमच्या घरात मोसंबीच्या भाषेत समजलं. आमच्याकडे थोडी बाग आहे. आंबे बहार धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. यालाच ताण देणं म्हणतात. जमीन हलकी की भारी त्यावर किती दिवस ते ठरतं. त्या दिवसांत बागेत जाऊ नये असं वाटतं. पानं मलूल, पिवळट, थोडी गळलेली. नवी फूट नाही, वाढ नाही. बघणाऱ्याला वाटावं झाडं चालली. पण झाडानं फक्त वाढ थांबवलेली असते. आत फांद्यांमध्ये अन्न साठत असतं. मग जानेवारीत आधी हलकं पाणी देऊन ताण तोडला की थोड्याच दिवसांत फुलांचा वास बांधावरच येतो. अडलेल्या काट्यावरून मी घरात आदळआपट करत होते तेव्हा आमचे हे बागेतून आले, पायाची माती झटकली आणि म्हणाले, ‘ताणावर आहेस तू. ताणावरच्या झाडाला कुणी उपटून बघतं का मुळं कुठवर गेलीत?’

दाखला चांगला होता, पण पुरता जुळत नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. ताण तोडल्यावर मोसंबी फुलते. माझा ताण तोडला, म्हणजे पंगतीत बसले, की मी फुलते ती भलतीकडेच. शिवाय ताण बेतानं द्यायचा असतो. जास्त झाला तर फांद्या शेंड्याकडून वाळतात, झाडात सल होते आणि मग बहार राहतो बाजूला, वर्षभर सल काढत बसावं लागतं. २०१२-१३ च्या दुष्काळात तर ताण द्यायची वेळच आली नाही. जालना जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी स्वतःच्या हातांनी त्या तोडल्या आणि सरपणाच्या भावानं विकल्या. त्यामुळे काटा अडला म्हणून आणखी खाणं तोडणाऱ्या बायका दिसल्या, दुपारी नुसत्या काकडीवर राहणाऱ्या, की मला त्या वर्षीच्या बागा आठवतात. एक गोष्ट मात्र आमच्या यांची खरी. बाहेरून थांबलेलं दिसतं तेव्हा आत काही चाललेलं नसतं, असं नाही.

सासूबाईंना हे सगळं थोतांड वाटतं. त्या १९७२ च्या दुष्काळातल्या. म्हणजे जन्मल्या त्याआधी, पण बोलण्यात वर्ष तेच येतं. नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यानिशी त्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला गेल्या होत्या. अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो, तिची भाकरी. तिला चव नव्हती आणि ती थापताना चिरत असे, एवढंच त्या सांगतात. कामावर खायला सुकडी मिळायची. त्या सुकडीचा वास अजून आठवतो म्हणतात, आणि आठवला की पदर नाकाला लावतात. अशा बाईसमोर सून पानातली भाकरी अर्धी मोडून परत टोपल्यात टाकते, तेव्हा तिला काय वाटत असेल?

‘कामून वाळवू राहिली माय जीवाला?’ त्या विचारतात. ‘खात्यापित्या घरची दिसाय पाहिजे बाई.’

‘आत्याबाई, गुडघे दुखतात.’

‘गुडघे तर माझेबी दुखते. मी काय जाड हाये?’

याला उत्तर नाही. त्या काडीसारख्या आहेत आणि त्यांना साखरेचा आजार आहे. हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं, की एवढ्याशा अंगाला डायबेटीस कसा. त्याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी फार मजेशीर पद्धतीनं दाखवलेलं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एक, २२.३. दोघंही सडपातळ. पण मोजल्यावर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये याज्ञिकांनी १९९३ पासून जे काम केलं त्यात तर हे पार पाळण्यापर्यंत दिसलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपली बाळं लहानखुरी, हातपाय बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी जमेल तेवढी राखलेली. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की डॉक्टर भुवया उंचावतात आणि २५ ला लठ्ठ म्हणतात. गोऱ्या माणसाला हीच सूट ३० पर्यंत आहे.

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी कोरड्या विहिरी पाहिल्या त्यांच्या देहानं चार दाणे बाजूला ठेवायची सवय लावून घेतली, असं म्हणायचा मोह होतो. विज्ञान त्याबद्दल माझ्याहून जपून बोलतं, मीही जपूनच बोलते. पण टोपल्यात उरलेली अर्धी भाकरी सासूबाई फडक्यात गुंडाळून ठेवतात, सकाळी तिचे तुकडे करून फोडणीला घालतात, कणसुद्धा वाया जाऊ देत नाहीत. त्यांच्याकडे बघताना मला माझ्या अडलेल्या काट्याचा राग तेवढा येत नाही.

अंगारकीला मी चालत जायचं ठरवलं ते वजनासाठीच, भक्ती नावापुरती होती. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी. वर्षातून एखाद-दोनदा येते आणि आदल्या संध्याकाळपासून जालना-राजूर रस्ता माणसांनी वाहायला लागतो. आता राजूरच्या बाईनं एसटीनं जालन्याला जायचं आणि तिथून रात्रभर चालत परत राजूरला यायचं, हे घरात पटवणं सोपं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, ‘घरून निघून घरीच येती, मंग गेली कायला?’ मी माझ्या नणंदेला गाठलं. त्या जालन्यात राहतात, माझ्याहून भरल्या अंगाच्या आणि चालायला माझ्याहून खंबीर.

शहराचे दिवे मागे पडले की अंधारात दिसतात ते नुसते पाय. रबरी चपला, अनवाणी टाचा, शाळेचे पांढरे बूट, पैंजण. कुणाच्या खांद्यावर पोर झोपलेलं. कॉलेजच्या पोरांचे घोळके आरोळ्या देत पुढे जातात आणि तासाभरानं रस्त्याकडेला पाय चोळत बसलेले सापडतात. तुपेवाडी फाट्याच्या आसपास माझा वेग मेला. मेला म्हणजे किती, तर एक म्हातारा-म्हातारी हात धरून चालत होते, ते मागून येऊन पुढे गेले. नणंद म्हणाल्या, ‘वहिनी, आता पाय मोजू नका. नुसतं चला.’ आणि जागोजागी मांडव. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, भगर, शेंगदाण्याची आमटी, आणि साबुदाण्याची उसळ. नाही म्हणायची सोय नाही. द्रोण हातात दिलाच जातो आणि देणारा माऊली म्हणतो. एकादशी दुप्पट खाशी हे ज्यानं म्हटलं त्यानं अंगारकी पाहिलेली नसावी.

मास्तरीण असल्यानं हिशेब करायची खोड. चालताना किलोमीटरला ढोबळमानानं पन्नास-साठ कॅलरी जादा जळतात धरलं, तर पंचवीस किलोमीटरला तेराशे-चौदाशे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे रात्रभर पाय झिजवून पावशेर चरबीही जळत नाही. त्यातून उसळीचे द्रोण वजा करा. हे गणित मी एका मैलाच्या दगडावर बसून केलं आणि मला हसूच आलं.

पहाटे टेकडी आली. पायऱ्यांवर दम लागला, कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तेव्हा मला कुठेतरी वाचलेलं आठवलं. चरबी जळते म्हणजे जाते कुठे? बहुतेकांना वाटतं घामातून जाते, नाहीतर उष्णता होऊन जाते. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्रयू ब्राउन यांनी याचा सरळ हिशेब मांडला: दहा किलो चरबी गेली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे जे काही माझ्या अंगावरून जाणार ते बहुतेक याच धापेतून जाणार, आणि एका उच्छ्वासात जाऊन जाऊन जाणार किती! पुढच्या पायरीवर एक बाई नवसाचे दंडवत घालत चालली होती. तिला मागे टाकून पुढे जायची माझी हिंमत झाली नाही.

दर्शन झालं. खाली हार-दुर्वा-पेढ्यांच्या दुकानांच्या ओळीत एक पोरगा पोत्यावर वजनाचा काटा मांडून बसला होता. पाच रुपये. जत्रेत हे दुकान नेहमी चालतं आणि तिथे वजन लपवायची कुणाला गरज वाटत नाही. बायका पर्स आणि नारळाच्या पिशवीसकट चढतात, आकडा मोठ्यानं वाचतात, एकमेकींना टाळ्या देतात. एक धोतर-टोपीतले काका आले. हाडं मोजून घ्यावीत असे. चपला काढून, नमस्कार करून काट्यावर चढले, जणू देवळाचीच एक पायरी. पोरानं आकडा सांगितला. काकांचा चेहरा उजळला. मागे उभ्या असलेल्या मुलाकडे वळून ते म्हणाले, ‘बघ, जसंच्या तसं हाये. मागच्या बारीला एवढंच व्हतं.’

काय दुखणं होतं कोण जाणे. विचारलं नाही. पण त्यांच्यासाठी काट्याचं न हलणं हीच बातमी होती, पेढे वाटावेत अशी. आणि हे फक्त दुखणाईतालाच लागू आहे असंही नाही. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची स्पर्धा चालायची. तिच्यातल्या चौदा जणांना केविन हॉल या शास्त्रज्ञानं सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. सहा वर्षांत त्यातले ४१ परत आले होते, आणि शरीराचा आखडलेला खर्च मात्र अजून आखडलेलाच होता. ज्यांचा काटा सहा महिने नुसता जागच्या जागी उभा आहे त्यांनी हा आकडा वाचून जरा ताठ बसायला हरकत नाही.

घरी येऊन मी झोपले, उठले आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं काट्यावर उभी राहिले. किलोभर वाढ! पंचवीस किलोमीटर चालून! पोटऱ्या दगडासारख्या, घोटे सुजलेले. न सवयीच्या कष्टानं स्नायूंना बारीक इजा होते आणि भरून येईपर्यंत शरीर तिथे पाणी धरून ठेवतं, हे मला आता माहीत होतं. माहीत असूनही वाईट वाटायचं ते वाटलंच. सासूबाईंना सांगितलं तर त्या खूश. ‘देव पावला,’ म्हणाल्या.

टीव्हीवरच्या स्पर्धकांना तपासणाऱ्या त्याच हॉलनं आणखी एक हिशेब करून ठेवला आहे, २०११ मधला, आणि तो मला सगळ्यांत पटला, कारण त्यात कुणावर ओरडलेलं नाही. रोजच्या खाण्यात कायमचा चोवीस कॅलरींचा फरक केला तर वजनात शेवटी एक किलोचा फरक पडतो. चोवीस कॅलरी म्हणजे चहातली एक भरगच्च चमचा साखर. पण त्या एका किलोतलाही निम्मा जायला वर्ष लागतं, आणि जवळपास पुरा जायला तीन. तीन वर्षं! आमच्याकडे पहिलीत आलेलं पोर तेवढ्यात चौथीत जातं. मी महिनाअखेरीला पगारासारखा निकाल मागत होते आणि शरीर शाळेच्या वर्षांवर चाललं होतं.

आता काटा रोज काढत नाही. महिन्यातून एकदा काढते, तेही सासूबाईंच्या डाळी-साळी तोलून झाल्यावर. पहाटेचं चालणं आहे. भाकरी आहे, भाताची मूठ आहे, भगर उपवासापुरती. गुडघा जिन्यावर कठडा मागत नाही. आकडा अजून बराचसा तिथेच आहे, कधी अर्ध्या किलोनं खाली डोकावतो आणि परत वर येऊन बसतो.

श्रावणात काठपदराची साडी काढली तेव्हा तिच्यावरचा ब्लाउज काखेत लोंबायला लागला. काट्यानं हे मला सांगितलं नव्हतं. ब्लाउज घेऊन चौकातल्या टेलरमास्तरांकडे गेले. त्यांनी तो उलटा केला, बाजूची शिवण बोटांनी ताणली आणि मला दाखवली: एकाबाहेर एक अशा तीन टिपा, प्रत्येक दिवाळीला उसवून सैल केल्याच्या. जिथे जुनी टीप उसवली होती तिथे बारीक भोकांची रांग होती आणि आत दुमडलेलं कापड अजून नव्यासारखं गडद जांभळं होतं, बाहेरचं तेवढं विटलेलं. मास्तर चष्मा कपाळावर चढवून मापं घेत राहिले. खडूनं आतली रेघ मारली, मशीनवर बसले. सर्रकन एक टीप, मग दुसरी बाजू. दोरा दातानं तोडून ब्लाउज माझ्यापुढे धरला.

‘आतली माया कापून टाकू का, मॅडम? लई झाली, काखेत टोचंल.’

‘राहू द्या, मास्तर.’

‘राहूच द्या,’ ते म्हणाले. ‘पुढं दिवाळी हाये.’